रानविजेची चुकलेली हाक

आधी आप्पांचा आवाज यायचा, मग आप्पा यायचे.

दिवस कलला की दौलताबादच्या मागच्या माळावरून तो आवाज उतरायचा. लांब, सावकाश, मध्येच मऊ पडून पुन्हा उचललेला. "येऽऽ… होऽऽ… येऽऽ…" हाकेमागं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, घंटांमागं धूळ, आणि धुळीमागं खांद्यावर घोंगडी टाकलेले आप्पा. घरापुढच्या दगडावर पाच वर्षांची प्रांजली कान टवकारून बसलेली असायची. हाक ऐकू आली की ती आत पळायची आणि आईला सांगायची, "आप्पा आले." आप्पा तेव्हा अजून दोन टेकड्या लांब असायचे. पण आवाज आला म्हणजे बाप आला, असा तिचा हिशोब होता.

आता आप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि प्रांजली शहरात आवाजावरच पोट भरत होती. शहागंजात भांड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या टोकाला मुनीबभाईंचा छोटा स्टुडिओ होता. रिक्षावर भोंगा बांधून ज्या जाहिराती गावभर फिरतात, त्या इथं भरल्या जात. साड्यांचा सेल, दातांचं शिबिर, हरवलेली म्हैस… सगळ्यांचा आवाज प्रांजलीचा. तोंड कुणी ओळखायचं नाही, आवाज सगळे ओळखायचे. तिला ते बरं वाटायचं.

श्रावणातला बुधवार होता. काचेमागच्या खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या त्या गुबगुबीत शांततेत, ती हेडफोन लावून कागद वाचत बसली होती. बाहेर मुनीबभाई मोबाईलमध्ये बुडाले होते. मोबाईलमध्ये 'रानवीज' चालू होती.

महिनाभर शहरात दुसरा विषय नव्हता. मराठी सुपरहिरो, तोही बाई, आणि बाई कोण तर मेंढपाळाची पोरगी. अंगावर वीज पडते, मरत नाही, उलट हातातली काठी लखलखायला लागते. त्यावर माणसं दोन बाजूंनी भांडत होती. कुणी म्हणे, पहिल्यांदा कुणीतरी चड्डी-झग्याऐवजी लुगडं नेसून उडालं, डोळे भरून आले. कुणी म्हणे, वीज कसली, ती तर स्वयंपाकघरातली ट्यूबलाईट. मुनीबभाईंच्या अम्मी, जैतुनबी, दर भागाला रडत आणि पुन्हा पहिल्यापासून बघत. मुनीबभाई पहिले दोन भाग टाळ्या वाजवून बघत आणि तिसऱ्याला घोरत.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक उंच तरुण आत आला, पावसानं अर्धा ओला, चष्म्यावर थेंब, हातात बर्फाचा डबा.

"भोंग्यासाठी आवाज भरून मिळतो ना हितं?"

"मिलता ना भाई. क्या बेचना है?"

"विकायचं काय नाय. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची हाये. बिडकीनकडची अन् दौलताबादकडची गावं. मी पशुधन पर्यवेक्षक, शिवशंकर."

"बैठो डॉक्टरसाब. पाच मिनट. एपिसोड ख़तम होने दो."

"मी डॉक्टर नाय," तो म्हणाला, आणि मोबाईलमध्ये डोकावला. "व्हय, हे बघतोय मी बी. सिरीज चांगली हाये हो. पण हाक चुकली."

बाहेरचा माईक चालू राहिला होता. त्याचा प्रत्येक शब्द प्रांजलीच्या कानात असा पडला, जसा त्यानं खाली वाकून तिलाच सांगावा. तिनं कागद खाली ठेवला.

"कायकी हाक?" मुनीबभाईंनी विचारलं, आणि हळूच काचेकडं बघितलं.

"ती राक्षसावर चालून जाताना हाक देती ना, ती सांजची हाये. मेंढरं माघारी बोलवायची. कुणाबी धनगराच्या पोराला विचारा. बाई निघाली लढायला अन् म्हणती, चला गं, घरी चला, अंधार पडतोय." तो हसला. "मी लिहिलं होतं तसं खाली. अकरा हजार लोकांनी अंगठा दिला."

म्हणजे हा तो.

गेले तीन आठवडे ती ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होती, तो हा. दोन ओळींची त्याची कमेंट, पण तिच्यामागून सगळी जत्रा लोटली होती. लोकांच्या गमतीच्या व्हिडिओंत ऑफिस सुटल्यावर ती हाक, लग्नात नवरी निघताना ती हाक, परीक्षेचा पेपर कोरा सोडून पोरगा उठतो तेव्हा ती हाक. ज्यांना मेंढी आणि बकरीतला फरक कळत नव्हता, तेही हसत होते.

आणि हाक प्रांजलीची होती.

जानेवारीत मुंबईची मंडळी मुनीबभाईंकडं आली होती. त्यांच्या नटीला संवाद जमले, हाक काही जमेना. दिग्दर्शक म्हणाले, "काटा आला पाहिजे." प्रांजलीनं डोळे मिटले, आणि जी हाक कानात होती तीच गळ्यातून आली. सगळ्यांना काटा आला. चूक कुणाच्या लक्षात येणार? तिच्यासुद्धा आली नव्हती. आप्पा पहाटे कळप घेऊन निघत तेव्हा ती झोपलेली असायची. आठव्या वर्षी शिकायला म्हणून शहरातल्या वसतिगृहात आली. सकाळची हाक तिनं कधी ऐकलीच नव्हती. तिच्या वाट्याला फक्त बापाचं परत येणं आलं होतं.

हे तिला शिवशंकरची कमेंट वाचून कळलं. आणि तेव्हापासून लांब आवाज काढायचा म्हटलं की तिचा गळा धरायचा. सेलच्या जाहिराती निघत. त्यापलीकडं काही निघेना.

ती खोलीतून बाहेर आली. शिवशंकरनं तिच्याकडं बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा बघितलं.

"काय बोलायचंय, द्या," तिनं हात पुढं केला.

त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढला. तारीख होती, गावांची नावं होती, आणि खाली दोन ओळी वेगळ्या लिहिलेल्या होत्या. तिनं मोठ्यानं वाचल्या,

"मेंढी माझी भोळी, शेळी माझी शहाणी,
लस घ्या गं दोघी, नको डोळ्याला पाणी."

मुनीबभाईंनी मान हलवली. "वाह डॉक्टरसाब."

"हे खात्यानं दिलं का?" प्रांजलीनं विचारलं.

"नाय… ते मीच. खात्याचं वाचलं तर लोकं भोंगा लांबूनच हाकलतेत."

"शेळी शहाणी कशावरून?"

"सुई बघून आधी ती पळती. मेंढी बिचारी दुसरीच्या मागं उभी ऱ्हाती, अन् दुसरी तिच्या मागं."

तिला हसायचं नव्हतं. ह्या माणसावर तर मुळीच नाही. पण ओठ आपलं काम करून गेले, आणि तेवढं त्यानं बघितलं.

शुक्रवारी तो पुन्हा आला. एका गावाचं नाव राहिलं होतं म्हणे. सोमवारी आला, तारीख एक दिवस पुढं गेली होती. त्यापुढच्या बुधवारी आला आणि बराच वेळ डब्याचं झाकण लावत-काढत उभा राहिला.

"आता काय बदलायचं, साहेब?" प्रांजलीनं विचारलं.

"ते… 'टोचणे' हा शब्द बदलता येईल का? मेंढरं घाबरतेत."

"मेंढरं जाहिरात ऐकतात?"

"तुमच्या आवाजात ऐकतेत. परवा भोंगा थांबला तिथंच कळप थांबला. हलंना."

"खोटं."

"माझ्या चुलतीला विचारा. दगडाबाई नाव तिचं. ती खोटं बोलत नाय, तिला येतच नाय."

मुनीबभाईंनी तीन चहा सांगितले आणि दुसरीकडं तोंड करून वायर गुंडाळत बसले. खिडकीबाहेर बारीक पाऊस होता, शहागंजातल्या छत्र्या एकमेकींना धक्के देत चालल्या होत्या. त्या दिवशी तो अर्धा तास थांबला. लहानपणी कळपामागं हिंडलेलं सांगत होता. कुठल्या ओढ्याला पाणी टिकतं, कुठल्या मेंढीला नाव ठेवलं होतं. प्रांजली ऐकत होती. तिचेही आप्पा त्याच रानातले, हे जिभेवर आलं… आणि जिभेवरच राहिलं. एवढं सांगितलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

तो गेल्यावर तिचा फोन वाजला. मुंबईहून राजनंदिनी बोलत होती, सिरीजच्या आवाजाचं काम बघणारी.

"प्रांजली, दुसरा सीझन ठरला. पण आता खरी हाक हवी गं, लढायला निघतानाची. लोकांनी फार उडवलं आपल्याला. रविवारपर्यंत पाठवशील? नाही जमलं तर मग पुण्यात कुणीतरी बघतो. आणि ह्या वेळी तुझं नाव द्यायचं म्हणताहेत."

नाव. पडद्यावर, तिचं. ती "पाठवते" म्हणाली आणि फोन ठेवून तशीच बसली.

"पूछ ले ना उसको," मुनीबभाई म्हणाले. सगळी गोष्ट जाणणारे तेवढे एकच.

"काय विचारू? कशाला पाहिजे म्हणाला, तर?"

"तो बोल दे."

"ज्यानं अकरा हजार माणसांपुढं माझ्या आप्पांच्या हाकेचं हसं केलं, त्याला सांगू? की ती मीच?"

"उसको क्या मालूम अंदर कौन है?" मुनीबभाईंनी वायरची गाठ सोडवली. "और तू भी तो नक्को-नक्को करके रोज़ उसकी राह देखती."

"मी नाही बघत."

"हौ. मैं देखता. मेरेकू ही शौक है, बकरी का इंजेक्शन."

पण दुसऱ्या दिवशी तिनं शिवशंकरला फोन केला. तुमची जाहिरात मी बोलते, पण लस टोचताना कधी बघितलं नाही, असं काहीतरी म्हणाली.

"शनिवारी या," तो म्हणाला. "दौलताबादच्या पल्याड आमच्या चुलत्याचा कळप हाये. सकाळी सातला. चपला पक्क्या घाला, चिखल लई हाये."

तिनं ठरवून टाकलं होतं. हाक ऐकायची, मोबाईलमध्ये भरून घ्यायची, आणि निघून यायचं. सांगायचं काहीच नाही. हाकही मिळेल, आणि त्याच्या डोळ्यांत जे काही ऊन-पावसासारखं दिसतं, तेही राहील.

शनिवारी सकाळी किल्ल्याच्या डोक्यावर ढग टेकला होता. माळ ओलाचिंब हिरवा, आणि त्या हिरव्यात वाघरीच्या जाळीआड दीडशे मेंढरं एकमेकींच्या पाठीवर माना टाकून उभी. शिवशंकर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरला. एकेका मेंढीला मांडीशी धरायचं, काहीतरी पुटपुटायचं, सुई, आणि पाठीवर हलकी थाप. प्रांजली बर्फाच्या डब्याशी बसून सिरिंज पुढं करत होती. दगडाबाई, त्याची चुलती, चुलीपाशी चहा उकळत दोघांकडं बघत होती, लपवता न येणाऱ्या नजरेनं.

"पोरगी कोणाची म्हणायची?" तिनं विचारलं.

"जाहिरात बोलते ना, ती मी, काकू."

"ती मला बी कळली. कोणाची म्हणलं."

प्रांजलीनं आप्पांचं नाव सांगितलं. दगडाबाईचा हात कपावर थांबला. "खंडेरावची व्हय? लई लांबून ऐकू यायचा तुझा बाप." एवढंच म्हणाली, आणि तिच्या चहात साखर जास्त घातली. शिवशंकर जाळीच्या पलीकडं होता. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.

नऊला टोचून संपलं. जाळी उघडली. कळप मात्र जागचा हलेना, तोंडं खाली घालून रुसल्यासारखा उभा. शिवशंकरनं हात धुतले, छाती भरून घेतली, आणि हाक दिली.

ती लांब नव्हतीच. आखूड, करकरीत, टाळूवरून जीभ सुटावी तशी. "हुर्र् ह्या! ह्या! हुर्र्!" एकावर एक, चढती. माळ जागा झाल्यासारखा वाटला. पुढची म्हातारी मेंढी मान उचलून निघाली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता सगळा कळप ओल्या गवतातून वाहायला लागला.

प्रांजलीच्या ओढणीआड मोबाईल चालू होता. हाक मिळाली होती. आता फक्त निघायचं.

"ही जायची," तो तिच्याजवळ येत म्हणाला. कपाळावर घाम, चेहऱ्यावर हसू. "अन् यायची वेगळी. ती तुम्ही ऐकली असंल, रानविजेमध्ये…"

तिनं ओढणीतून मोबाईल काढला आणि त्याच्या समोर धरला. लाल टिंब अजून लुकलुकत होतं.

"मी चोरत होते," ती म्हणाली.

"काय?"

"हाक. तुमची." तिनं लाल टिंबावर बोट दाबून ते थांबवलं. "रानविजेची हाक… ती चुकलेली… माझी आहे. मी दिलीय."

तो बघत राहिला. चष्मा काढला. पुसायला काही सापडलं नाही म्हणून तसाच हातात धरला.

"पुन्हा सांगा."

"ती माझी हाक आहे. आता त्यांना बरोबर हाक पाहिजे, मला येत नाही. मला सकाळची कधी ऐकायलाच मिळाली नाही. तुम्हाला विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, म्हणून… मी पुसून टाकते हे."

शिवशंकर मागं सरकला आणि ओल्या खडकावर मटकन बसला. दोन्ही हातांत तोंड घेतलं. त्याचे खांदे हलायला लागले. प्रांजलीला वाटलं, संपलं. मग तिला दिसलं, तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"थांबा," तो म्हणाला, "मला श्वास घेऊ द्या आधी."

"एवढं काय हसायचं?"

"हसत नाय. सुटलो." त्यानं मनगटानं डोळे पुसले. "ती कमेंट टाकली ना, लोकं भांडायला आली. तुझंच चुकलं म्हणाले. मग मी पुरावा म्हणून ती हाक दहादा ऐकली. अन् अकराव्यांदा… भांडायचं राहूनच गेलं. ती हाक कुणी रानात शिकलेली नाय. शेवटाला ती जरा वर जाती बघा, खुशीनं. देणारा तशी देत नाय, तो दमलेला असतो. ती घरी बसून ऐकणाऱ्याच्या कानातली हाये. वाट बघणाऱ्याच्या."

प्रांजलीचे डोळे भरून आले. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

"तवापासून रोज ऐकतो," तो खाली बघत म्हणाला. "कोण असंल ती, कुठली असंल… जीवच जडला म्हणा. कमेंट काढून टाकली, पण तोवर लोकांनी फोटो काढून घेतले होते. अन् मग स्टुडिओत तुम्ही भेटलात. आता सांगा. सांजच्याला एकीची हाक ऐकायची, अन् सकाळी दुसरीकडं गावांची नावं बदलत जायचं. आपल्यालाच आपली लाज वाटायला लागली होती. म्हणलं, दोन्हीतलं एक कायतरी सोडावं."

"काय सोडणार होतात?"

"ते ठरंना. म्हणून तर शब्द बदलायला आलो होतो." त्यानं मान वर केली. "अन् निघाली एकच."

आता ती हसली. आधी थोडं, मग पोट धरून. गळ्यात इतके दिवस बसलेलं काहीतरी हसता हसता सैल झालं, आणि श्वास पार खालपर्यंत गेला.

"हसं झालं त्याबद्दल…" तो म्हणाला.

"चूक होती ती. तुम्ही खरं लिहिलंत. मला राग खरं लिहिल्याचा नव्हता. हसं झालं ते माझ्या आप्पांच्या हाकेचं, त्याचा होता." तिनं डोळे पुसले. "शिकवाल का सकाळची?"

त्यानं शिकवली. जीभ कुठं लावायची, श्वास कुठं तोडायचा. पहिल्यांदा ती खोकली. दुसऱ्यांदा दगडाबाईच चुलीपासून ओरडली, "अगं, पोटातून. मेंढरं काय तुझ्या कानात बसल्यात?" तिसऱ्यांदा मात्र आवाज मोकळा सुटला. बांधाशी मागं रेंगाळलेल्या चार-पाच मेंढ्यांनी माना वर केल्या, आणि पुढच्या कळपाकडं चालायला लागल्या. शिवशंकरनं मान हलवली. पुन्हा एकदा दिली, तेव्हा तिनं स्वतःचा आवाज भरून घेतला आणि तिथूनच राजनंदिनीला पाठवला. खाली लिहिलं, 'नाव द्या.'

पाऊस बारीक सुरू झाला. दोघं दगडाबाईनं दिलेल्या एकाच घोंगडीखाली बसले होते, मध्ये बर्फाचा डबा.

"माझं सगळं सांगून झालं," तो पावसाकडं बघत म्हणाला. "तुमचं?"

"मी पण सांगितलं की."

"ते हाकेचं झालं."

तिनं डबा उचलून पलीकडं ठेवला. मध्ये आता काहीच नव्हतं. लोकरीचा ओला वास होता, आणि त्याच्या बाहीवर सुकलेला चिखल.

"त्या बुधवारी मी काचेमागून बाहेर आले, तेव्हाच…" ती थांबली. "राग आणि ते दुसरं, दोन्ही एकाच वेळी आलं. राग मोठ्यानं बोलतो ना, म्हणून त्याचंच ऐकत बसले इतके दिवस."

"अन् दुसरं काय म्हणतंय?"

ती वळली आणि पहिल्यांदाच साहेब न म्हणता त्याच्याशी बोलली.

"मला तू आवडतोस, शिवशंकर."